खोली मालाची, माणसं पाहुणी

जबलपूर जिल्ह्यातलं पाटन मटारासाठी ओळखलं जातं. मटार नाशवंत, त्यामुळे शेतातून निघाला की थेट बाजार गाठतो. घरात साठवून ऑनलाइन विकायच्या कुर्त्यांना तशी घाई नसते. त्या आधी पाहुण्यांची खोली घेतात, मग पाहुणे घालवतात आणि शेवटी दार अर्धंच उघडू देतात. चळत छताला टेकली की घरधन्याची छाती फुगते: धंदा वाढला! जड खोकी वर, हलकी खाली. गुरुत्वाकर्षणालाही काम नको का? बबलरॅप आणि पॉलिएस्टर, दोघी पेट्रोलियमच्याच लेकी. त्यांच्या कुशीत इन्व्हर्टर आणि चार्जिंगला लावलेली स्कूटरची बॅटरी.

२२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूर भूकंपाने हादरलं, तेव्हा लोक अंगणाकडे धावले. आता धावायचं झालं, तर आधी ग्राहकांनी परत पाठवलेला माल ओलांडावा लागेल.

उपाय जवळजवळ फुकट आहेत: जड खोकी खाली, रॅक भिंतीला पक्का, दारापर्यंतची वाट मोकळी, बॅटरीचं चार्जिंग मालापासून लांब. फुकट म्हणूनच कुणी करत नाही. त्यांच्यावर पन्नास टक्के सूट जाहीर झाली असती, तर एव्हाना दोन-दोन मागवले असते.