जुन्या साहेबांकडे रेफरन्स मागण्याची शास्त्रोक्त पद्धत

वशिला आणि रेफरन्स यांत गल्लत करू नये. वशिल्यात साहेब फोन करतात. रेफरन्समध्ये साहेबांना फोन येतो. वशिल्यात नोकरी आधी ठरते आणि मुलाखत मागाहून होते. रेफरन्सची पाळी मुलाखतीच्या फेऱ्या आणि पगाराची घासाघीस उरकल्यावर येते. नव्या कंपनीच्या फॉर्ममध्ये दोन माणसांची नावे, हुद्दे, मोबाइल क्रमांक आणि उमेदवाराशी असलेला संबंध भरायचा असतो. संबंधाच्या रकान्यात 'मामा' चालत नाही.

साहेबांची निवड हा या विधीचा सर्वांत नाजूक भाग. सध्याचे साहेब आपोआप बाद होतात, कारण त्यांना बातमी राजीनाम्याच्या मेलमधूनच कळायची असते. उमेदवारावर मनापासून खूश असलेले साहेब बहुधा त्याच्या आधीच कंपनी सोडून गेलेले असतात, आणि पडताळणी करणाऱ्या अनेक एजन्सींना कंपनीच्याच ई-मेलवरून उत्तर हवे असते. जीमेल त्यांना पटत नाही. उरले जुन्या कंपनीत टिकून असलेले साहेब. नेमके त्यांच्याचविषयी उमेदवार एक्झिट इंटरव्ह्यूत मोकळेपणाने बोलून आलेला असतो. (इथे मनातले सगळे सांगा, असा आग्रह एचआर धरते. तो कौतुकाने ऐकून घ्यावा आणि 'करिअर ग्रोथ' एवढेच म्हणून उठावे.) सहकाऱ्याचे नाव चालत असेल तर काम सोपे होते. त्याच जागेसाठी मुलाखत देऊन आलेला सहकारी तेवढा टाळावा.

मागणीला मुहूर्त लागतो. सोमवारची सकाळ, रिलीजचा आठवडा आणि अप्रेझलचा हंगाम वर्ज्य.

आयटीत साहेबांना नावाने हाक मारण्याची रीत आहे, पण रेफरन्स मागताना 'सर' आपोआप परत येते. ते येऊ द्यावे. दोन वर्षांच्या शांततेनंतर "सर, कसे आहात?" एवढाच मेसेज आला, की मागोमाग लग्नपत्रिका, विमा किंवा रेफरन्स येणार हे साहेबांना कळते. त्यांना ताटकळत ठेवू नये. दुसऱ्याच वाक्यात मुद्द्यावर यावे : "एका ठिकाणी निवड होत आली आहे, दोन रेफरन्स मागितलेत. तुमचा नंबर दिला तर चालेल का? अडचण असेल तर अगदी मोकळेपणाने सांगा." शेवटचे वाक्य गाळू नये, नकार द्यायचा असेल तर साहेबांना तेवढीच वाट असते. आधी नंबर देऊन मग विचारणारे उमेदवारही आढळतात. अनोळखी क्रमांक दिसताच साहेब तो कर्जवाल्यांचा समजून कापतात, आणि अहवालात 'संपर्क होऊ शकला नाही' अशी नोंद पडते.

"अरे, दे ना बिनधास्त" हा होकार. "तसं एचआरलाच विचारलेलं बरं" हा नकार. निळ्या खुणा उमटूनही उत्तर नाही, हाही नकारच; त्यावर आठवण करणारा दुसरा मेसेज पाठवू नये.

होकार मिळाल्यावर साहेबांची तयारी करून घ्यावी. त्यांना उमेदवाराच्या उणिवा न सांगता आठवतात, तारखा मात्र सांगूनही राहत नाहीत. म्हणून हुद्दा, रुजू झाल्याचा व सोडल्याचा दिवस आणि एक-दोन प्रकल्पांची नावे लिहून पाठवावीत. तारखांच्या बाबतीत औदार्य नको. २०१४ पासून पीएफला बारा आकडी यूएएन आहे. कोणत्या महिन्यापर्यंत कोणत्या कंपनीने भरणा केला, ते पासबुक सांगते. मधल्या रिकाम्या महिन्यांवर साहेबांच्या गोड बोलण्याचे पांघरूण पुरत नाही.

फोनवर कालावधी, हुद्दा, नोकरी सोडण्याचे कारण, वागणूक असे प्रश्न येतात. काही कंपन्यांच्या धोरणात पहिल्या दोहोंपलीकडे बोलायची मुभाच नसते, आणि साहेबांना ते धोरण नेमके कधी आठवेल हे सांगता येत नाही. खरा प्रश्न शेवटी असतो : पुन्हा घ्याल का? 'हो' म्हणण्याआधी साहेब किती वेळ थांबले, याला एजन्सीच्या फॉर्ममध्ये रकाना नाही. फोन भावी मॅनेजरच करत असेल तर त्याला रकाना लागत नाही.

एवढा खटाटोप करूनही खरी चौकशी दुसरीकडेच होते. फॉर्ममधली नावे उमेदवाराने स्वतः निवडलेली असल्याने ती वाईट बोलणार नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक असते. म्हणून नवा मॅनेजर आपल्या ओळखीतला, उमेदवाराने न दिलेला माणूस गाठतो. पुण्यात हिंजवडी ते खराडी जायला गाडीला दोन तास लागतात, अशा चौकशीला एक चहा पुरतो. यावर उपाय नाही. नोटीस पिरियडमध्ये हँडओव्हर नीट दिला असेल तर त्याची गरजही पडत नाही.

निकाल काहीही लागो, साहेबांना तो लिंक्डइनवर दिसण्याआधी कळवावा. पेढे द्यायचे असतील तर त्यांच्या घरी द्यावेत. जुन्या ऑफिसात पेढ्यांचा बॉक्स उघडला, की आणखी कोणाकोणाला रेफरन्स हवा आहे, ते साहेबांना त्याच दुपारी कळते.