झाडीपट्टीत फटफटी हाकण्याचे शास्त्र

चंद्रपुरात जटपुरा गेटच्या अलीकडे एका चहाच्या टपरीवर रोज सकाळी एक विद्यापीठ भरतं. त्याला कुलगुरू नाही, इमारत नाही आणि सुट्टी तर नाहीच. विषय एकच: कोणाची गाडी भारी, आणि ती कोण भारी चालवतो. प्रस्तुत लेखक या विद्यापीठाचा वीस वर्षांपासूनचा विद्यार्थी आहे. पदवी म्हणून उजव्या गुडघ्यावर सहा टाके आहेत. या अधिकारानं, होतकरू स्वारांसाठी पुढील सहा पाठ देत आहे.

कार्यक्षेत्र चंद्रपूर आणि गडचिरोली, हे दोन जिल्हे. 1982 च्या ऑगस्टपर्यंत हा एकच जिल्हा होता. नंतर तालुके वाटले गेले, नद्या वाटल्या गेल्या, कचेऱ्या वाटल्या गेल्या. खड्डे मात्र एकत्र कुटुंबासारखे अजूनही सामाईक आहेत.

पाठ पहिला: पंथ निवडावा

गाडी घेण्याआधी पंथ घ्यावा लागतो. मुख्य पंथ तीन.

स्प्लेंडर पंथ सर्वांत मोठा. ही गाडी 1994 साली बाजारात आली आणि तेव्हापासून आमच्याकडे ती घरातली थोरली सून आहे: सगळं काम तीच करते, कौतुक दुसऱ्याचं होतं. कागदोपत्री ती दोन माणसांची. प्रत्यक्षात नवरा, बायको, टाकीवर धाकटा, मध्ये थोरला, मागे मोहफुलांचं पोतं आणि हँडलला पाय बांधून उलटी लटकवलेली कोंबडी. या पंथाचा मंत्र ‘एव्हरेज’. दोन स्प्लेंडरवाले भेटले की तब्येत नंतर विचारतात.

“किती देऊन रायली जी?”

“साठ देते.”

“आमची सत्तर देते.”

सत्तरवाला खोटं बोलतो हे दोघांनाही माहीत असतं, पण धर्मात शंका काढू नये. शिवाय भामरागडच्या बाजूला पेट्रोल पंपाआधी किराणा दुकानातली पेट्रोलची बाटली सापडते, तिथे एव्हरेज ही चैनीची चर्चा राहत नाही.

पल्सर पंथ 2001 नंतरचा. त्याचे साधक वय वर्षे सतरा ते चोवीस, सतरावाल्याचं लायसन ‘काढायला टाकलंय’. मंत्र ‘पिकअप’. आरसे काढून ठेवलेले असतात, कारण मागे बघणं हा हरणाऱ्याचा स्वभाव. सायलेन्सर असा बदललेला की गाडी निघते मूलला आणि आवाज ऐकून कुत्री उठतात पार सावली गावात.

बुलेट पंथ हा बहुतेक शनिवार-रविवारी नागपूरहून येतो. गुडघ्याला कवच, कोपराला कवच, छातीवर कॅमेरा. ताडोबाच्या गेटपर्यंत मोठ्या गांभीर्यानं जातात. आत दुचाकीला मनाई, त्यामुळे गेटवरच्या वाघाच्या फलकासमोर फोटो काढून परततात. त्यांना हसू नये. या तिन्ही पंथांत बकल लावलेलं हेल्मेट फक्त त्यांच्याच डोक्यावर दिसतं.

चौथा एक अल्पसंख्य पंथ आहे, आरएक्स हंड्रेडवाल्यांचा. ती गाडी निघायची बंद झाली 1996 मध्ये. तिचे भक्त ती चालवत नाहीत, पुसतात. त्यांच्यापासून कोणालाच धोका नाही.

पाठ दुसरा: शिरस्त्राण कोठे धारण करावे

हेल्मेट कुठे घालावं याबद्दल शास्त्रात मतभेद आहेत. एक मत कोपरावर, दुसरं आरशावर, तिसरं टाकीवर. आरशावरचं मत आमच्याकडे विशेष मान्य आहे आणि त्याचा गुणही आलेला आहे: डोक्याला मार लागून एखादा आरसा दगावल्याचं आजवर ऐकिवात नाही.

डोक्यावर घालण्याचा प्रसंग पोलीस दिसल्यावरच येतो. त्यासाठी चालत्या गाडीवर एका हातानं हेल्मेट चढवण्याचा सराव करावा. चौकाच्या शंभर पावलं अलीकडे हा सराव करताना पडलेले साधक मी पाहिले आहेत. मोटार वाहन कायद्याचं 129 वं कलम मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सांगतं, पण मागे बहुधा बायको किंवा आई असते, आणि तिच्या डोक्यावर पदर आहेच.

उन्हाळ्याची सबब मात्र खरी. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा 46-47 ला टेकतो, तेव्हा हेल्मेट म्हणजे डोक्याचा कुकर. त्यावर इथल्या नर्सबाईंनी आणि मास्तरांनी शोधलेला तोडगा असा: सुती दुपट्टा ओला करून डोक्याला गुंडाळायचा आणि त्यावर हेल्मेट. पहिले दहा किलोमीटर काश्मीर. हेल्मेटवर आयएसआयची खूण बघून घ्यावी. रस्त्याकडेला ढिगानं विकतात ती टोपली फार तर पोलिसाला फसवते, डांबराला नाही.

2022 साली देशात हेल्मेट न घातलेली 50,029 माणसं दुचाकी अपघातांत गेली. हा सरकारी आकडा आहे. टपरीवर मी तो सांगितला तेव्हा थोडा वेळ शांतता पसरली. मग एकानं विचारलं, “त्यांच्या गाड्या कोणत्या होत्या?”

पाठ तिसरा: वेगाचे गणित

खरा स्वार वेगानं ओळखला जातो. चंद्रपूर ते मूल किती मिनिटांत, हा आमचा प्रवेशपरीक्षेचा प्रश्न. चिचपल्ली आणि केळझरचं जंगल मध्ये आहे, हे उत्तर देताना विसरायचं असतं.

तरी ज्यांना गणिताची आवड आहे त्यांच्यासाठी थोडा हिशोब. ताशी 80 च्या वेगात गाडी एका सेकंदात 22 मीटर जाते. समोर रोही दिसला, तो रोहीच आहे हे डोक्यात शिरलं आणि पाय ब्रेकवर गेला, यात एक सेकंद संपतो. मग कोरड्या, चांगल्या रस्त्यावर थांबायला आणखी 35 मीटर. एकूण 57. रात्री डिपरवर नीट दिसतं ते साधारण 40 मीटर. म्हणजे रोही दिसला तेव्हाच त्याच्याशी गाठ पक्की झालेली असते. उरलेले 17 मीटर फक्त देवाचं नाव घ्यायला. हाच हिशोब ताशी 40 नं केला तर गाडी 20 मीटरांत थांबते आणि रोह्याचा चेहराही नीट बघता येतो.

रोही म्हणजे पुस्तकातली नीलगाय. पूर्ण वाढलेला नर दोनशे किलोंच्या पुढचा. गाडी पल्सर असो की बुलेट, त्याच्या दृष्टीनं सगळ्या हलक्याच.

ब्रेकचं शास्त्रही जुनं आहे: पुढचा ब्रेक दाबू नये, माणूस उलटा पडतो. माझ्या मामांनी मला हेच शिकवलं, त्यांना त्यांच्या मामांनी. वास्तविक गाडी थांबवण्याचं बरंचसं काम पुढचाच ब्रेक करतो. दोन्ही एकत्र, हळूहळू आवळायचे असतात. पण परंपरा मोडायची कशी? मी मोडली नाही. गुडघ्यावरचे सहा टाके त्या परंपरेचे.

पाठ चौथा: वनचरांशी शिष्टाचार

2022 च्या गणनेत महाराष्ट्रात 444 वाघ निघाले आणि त्यांतला मोठा वाटा एकट्या चंद्रपूर जिल्ह्याचा. मोहर्लीच्या रस्त्यावर वाघ दिसला तर होतकरूनं पुढीलप्रमाणे वागावं, असं टपरीवर शिकवतात: गाडी जवळ न्यावी, मोबाईल काढावा, मित्राला ‘थोडा अजून पुढे घे बे’ म्हणावं. वाघ बहुतेक वेळा उठून निघून जातो. याचं श्रेय वाघाच्या संस्काराला आहे.

ज्यांना एवढी कला साधत नाही, त्यांनी लांबच थांबावं. गाडी चालू ठेवावी, हॉर्न वाजवू नये, उतरू नये, त्याला रस्ता ओलांडू द्यावा. पिल्लं मागे असतील तर आणखी थांबावं. चितळाचंही तेच: एक गेलं म्हणजे संपलं नाही, त्याच्यामागे आख्खं वऱ्हाड असतं. मार्च-एप्रिलमध्ये मोह गळतो, तेव्हा पहाटे झाडाखाली आधी अस्वल पोचलेलं असू शकतं. आणि 2021 पासून छत्तीसगडच्या बाजूनं गडचिरोलीत रानटी हत्ती आले आहेत. कमलापूरच्या हत्ती कॅम्पातले पाळीव हत्ती बघून मैत्रीचा आत्मविश्वास आलेल्यांनी हा फरक लक्षात ठेवावा. हत्तीला कट मारता येत नाही.

पण खरं सांगू का, या सगळ्या राजेशाही प्राण्यांपेक्षा स्वाराला घरचीच जनावरं जास्त नडतात. पावसाळ्यात कोरडी, ऊबदार जागा म्हणून गाई-म्हशी रात्री डांबरावर येऊन बसतात. काळी म्हैस, काळं डांबर, काळी रात्र. तिच्याबरोबरचा फोटो कोणी मोबाईलवर टाकत नाही, म्हणून तिची भीती कोणाला वाटत नाही.

पाठ पाचवा: हायवा आणि पाणी

आमच्या रस्त्यांवर दोन गोष्टी वाहतात. पहिली, हायवा, म्हणजे मोठे टिप्पर ट्रक. घुग्घूसकडे कोळसा, एटापल्ली-आलापल्लीकडे सुरजागडचं लोहखनिज. हायवाला डावीकडून ओव्हरटेक करणं ही पल्सर पंथाची दीक्षा. चालकाला डावीकडचं, अगदी जवळचं काही दिसत नाही, हे माहीत असूनही जो जातो त्याला आमच्याकडे ‘डेअरिंग’ म्हणतात. धुळीमागून जाणाऱ्या स्प्लेंडरवाल्याला भित्रा म्हणतात. तो घरी पोचल्यावर तोंड धुतो, एवढाच त्याचा तोटा.

दुसरं, पाणी. पर्लकोटा फुगली की भामरागडचा रस्ता बुडतो आणि तालुका जगापासून तुटतो. लहान नाल्यांवरचे रपटे तर तासाभराच्या पावसातही बुडतात. अशा वेळी दोन्ही काठांवर माणसं जमतात आणि त्यांच्यात एक तज्ज्ञ असतोच. तो म्हणतो, “निघते गाडी. सायलेन्सरवर पाणी नाही आलं पायजे फक्त, आन् एक्सलेटर सोडाचा नाही.” तज्ज्ञ स्वतः पायी आलेला असतो.

गढूळ पाण्याखाली रपट्याची कड कुठे संपते ते दिसत नाही, मधला तुकडा वाहून गेलाय का तेही दिसत नाही. गुडघाभर वाहतं पाणी गाडीला आडवं ढकलतं आणि स्वार गाडी वाचवायला तिच्याबरोबर जातो. गाडी पुढच्या वळणावर झुडपात सापडते. तिला काही होत नाही. स्प्लेंडर ना ती, पुसली की सुरू होते.

पाठ सहावा: नाटक पाहून परत येणे

भाऊबीज झाली की झाडीपट्टीत मंडई सुरू होते आणि गावोगाव नाटकं लागतात. वडसा हे या रंगभूमीचं माहेर. पडदा रात्री दहाच्या पुढे वर जातो आणि उतरतो तेव्हा उजाडायला आलेलं असतं. चाळीस किलोमीटरवरून एका गाडीवर तिघे येतात. येताना मधला शहाणा असतो, जाताना तिघेही झोपलेले असतात, त्यांतला एक चालवत असतो.

ही शैली पूर्णतः स्थानिक आहे. युरोपातल्या स्वारांना ती माहीत नाही. डिसेंबरची पहाट, धानाच्या बांध्यांवरचं धुकं, रस्त्याच्या अर्ध्या भागात वाळत घातलेलं धान, ते हलू नये म्हणून कडेनं मांडलेले दगड, आणि चालवणारा मनातल्या मनात तिसऱ्या अंकातल्या रडक्या प्रवेशात. पिण्याचा मुद्दा मी घेत नाही. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे, तेव्हा तिथे कोणी पिऊन गाडी चालवत नाही असं आपण धरून चालू.

पर्याय फार साधा आहे, म्हणून कोणी सुचवत नाही. पेंडॉलमध्ये पोती असतात, माणसं ओळखीची असतात, दोन तास तिथेच आडवं व्हावं. ऊन आलं की चहा घेऊन निघावं. घरी बोलणी बसतील. बोलणी खायला माणूस घरी पोचलेला असावा लागतो.

निकाल

आता मूळ प्रश्न: सगळ्यांत भारी कोण?

आमच्या विद्यापीठात वीस वर्षं यावर वाद चालू आहे. प्रत्येकाकडे एक किस्सा आहे. कोणी रोह्याला कसा चुकवला, कोण हायवाखालून कसा निघाला, कोण रपट्यावरून कसा वाहता वाहता वाचला. किस्सा जितका भयंकर, तितका स्वार मोठा. ज्यांचे किस्से सर्वांत मोठे होते असे दोघे आता टपरीवर येत नाहीत. त्यांचे किस्से आम्हीच सांगतो.

टपरीवरून रोज सकाळी सात वाजता एक नर्सबाई जातात. जुनी स्प्लेंडर, ओला दुपट्टा, वर हेल्मेट, मागे लसींचा डबा. चाळीसच्या पुढे काटा नाही. जंगलातली पाच गावं करून संध्याकाळी परत येतात. एकदा मी त्यांना विचारलं, “ताई, इतकी वर्षं या रस्त्यानं जाता. कधी काही झालं?”

त्यांनी बराच विचार केला. म्हणाल्या, “नाही जी. एकदा नाल्याले पाणी होतं, तं तीन तास थांबले होते.”

एवढंच. या किश्शाला टपरीवर कोणी चहाही पाजणार नाही. लसी मात्र त्या दिवशीही, तीन तास उशिरा, गावात पोचल्या होत्या.