परात कशी धरावी
(मांजरांची चित्रं काढणाऱ्यांच्या घरातल्या इतर माणसांसाठी)

प्रस्तुत मार्गदर्शिका चित्रकारांसाठी नाही. त्यांच्यासाठी पुस्तकं आहेत, कलामहाविद्यालयं आहेत, आणि तसंही कोणी काही सांगितलेलं त्यांना खपत नाही. ज्यांच्या घरात मांजरांची चित्रं आणि फोटो काढणारी एखादी व्यक्ती नांदते, आणि ज्यांना चहाचा पहिला घोट घेण्याआधी "अगं, इकडे ये, पटकन, पण पळत येऊ नको" अशी हाक येते, त्या उपेक्षित वर्गासाठी हे लेखन आहे. या वर्गाला मानधन नाही, निवृत्तिवेतन नाही, आणि आभाराच्या यादीत जागा नाही.

लेखिकेची पात्रता : मुक्काम भंडारा, वडिलांच्या घरात, थोरल्या बहिणीसोबत. मी पोस्टातून निवृत्त झाले. ताई तुमसर तालुक्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाली, म्हणजे पगारातून झाली. शिकवणं चालूच आहे. मांजरं तीन. मंग्या हा काळाकुळकुळीत बोका. ताईने त्याला डोंगरी बुजुर्गच्या खाणीकडून आणलं, म्हणून पाळण्यातलं नाव मॅंगनीज. तिथलं मॅंगनीज बॅटरीच्या सेलसाठी जातं हे मंग्याकडे पाहिलं की लगेच पटतं. रात्री दोन वाजताही त्याचा सेल उतरलेला नसतो. चिन्नोर ही पांढरीशुभ्र मांजर, आमच्याकडच्या सुवासिक तांदळाच्या नावाची. सुवासाचं सोडून द्या. आणि तर्री हा नारिंगी बोका. नारिंगी मांजरांत पाचांतली साधारण चार नर असतात, हे ताई पाहुण्यांना सांगते. पाहुण्यांनी विचारलेलं नसतं.

प्रथम मूलतत्त्व. शासकीय रेखाकला परीक्षेला बसलेल्यांना आठवत असेल, एलिमेंटरीला एक पेपर वस्तुचित्राचा असतो आणि एक स्मरणचित्राचा. वस्तुचित्राला घागर, बादली, दोन वांगी अशी मांडणी समोर असते. घागर हलत नाही. वांगी मध्येच उठून सांदवाडीत जात नाहीत. ताईने उभी हयात मुलांना शिकवलं, की आधी वस्तू नीट बघा आणि मग काढा. आणि निवृत्त झाल्यावर तिने नेमकी अशी वस्तू निवडली, जी 'बघा' आणि 'काढा' यांच्या मधे निघून जाते. त्यामुळे आमच्याकडे प्रत्येक मांजर वस्तुचित्र म्हणून सुरू होतं आणि स्मरणचित्र म्हणून संपतं. कान आणि पाठ समोर बघून, पोट आठवून, शेपटी बहुतेक वेळा संकल्पचित्र. सहायकाने यात सुधारणा करायला जाऊ नये. उठून गेलेलं मांजर उचलून जागेवर आणून ठेवणं तर सक्त मना आहे. ते पुन्हा तसं बसत नाही, आणि बसलंच तर त्याच्या तोंडावर झालेला अपमान चित्रात उतरतो.

ताईची तोड मात्र चांगली आहे, आणि ती इथे फुकट देते. एका मोठ्या कागदावर पाच-सहा चित्रं अर्धवट सुरू ठेवायची. मांजर हललं की तेवढं चित्र सोडून नव्या बैठकीचं नवं चित्र धरायचं. मांजराच्या बैठका मोजक्याच असतात. थोड्या वेळाने ते पुन्हा पहिल्यासारखं बसतंच, तेव्हा आपण पहिल्या चित्रावर परत. सुरुवात कण्यापासून : मानेपासून शेपटीच्या टोकापर्यंत हात न उचलता एक रेघ. मग खांद्याचा एक गोल, पुठ्ठ्याचा एक गोल. चेहरा सगळ्यात शेवटी. नवशिके डोळ्यांपासून सुरू करतात आणि मग त्या डोळ्यांना शोभेल असं मांजर घरभर शोधत बसतात. खोडरबर नाही. हा नियम ताई वर्गातही सांगायची, तेव्हा मुलं रडायची.

डोळ्यांबद्दल पोटनियम : दोन्ही एकाच बैठकीत उरकावेत. बाहुली भरदुपारी उभी रेघ असते आणि दिवेलागणीला वाटोळी होते. चिन्नोरच्या एका चित्रात डावा डोळा दुपारचा आहे आणि उजवा संध्याकाळचा. ते पाहून एक पाहुणी मिठाने दृष्ट काढायला निघाली होती.

आता परात.

फोटोवाले लोक उजेड परतवायला सोनेरी कापडाच्या चकत्या विकत आणतात. भंडारा हे पितळेचं गाव. स्टीलने आणि प्लास्टिकने कासारांच्या भट्ट्या विझवत आणल्या, तरी आजीच्या काळची एखादी परात जुन्या घरांच्या माळ्यावर सापडतेच. ताईने आमची खाली काढली. आधी चिंचेने घासायची, मग राखेने, मग कोरड्या सुती फडक्याने. पाण्याचा एक डाग राहिला तर तो तर्रीच्या गालावर दिसतो असं ती म्हणते. खोटं आहे. घासण्याचं काम कोणाकडे आहे हे वाचकांनी ओळखलं असेल.

धरायची रीत अशी. मांजराच्या एका अंगाला खिडकी, दुसऱ्या अंगाला आपण. परात मांजराच्या डोळ्यांपेक्षा किंचित वर आणि तिरपी. खाली धरली तर उजेड हनुवटीखालून चढतो आणि बिचारं मांजर झाडीपट्टीच्या नाटकातला खलनायक दिसतं. कोपर बरगड्यांना टेकवून ठेवावेत, नाहीतर हात थरथरतात आणि भिंतीवर उजेडाचा कवडसा नाचायला लागतो. एकदा कवडसा नाचला, की तिघंही त्याच्या मागे, आणि सकाळ संपली. पितळेचा उजेड तांबूस असतो. तो तर्रीला शोभतो. मंग्याच्या केसांच्या कडा त्याने उठून दिसतात. चिन्नोर मात्र हळद लावल्यासारखी पिवळी पडते, म्हणून तिच्यासाठी थर्माकोलचं झाकण किंवा वडिलांचं धुतलेलं धोतर. परातीत मांजराला स्वतःचं तोंड दिसू देऊ नये. का, ते विचारू नका, परातीवर ओरखडे आहेत. लग्नसराईत परातीला मागणी येते आणि ती कोणाच्या तरी हळदीला जाते. ती परत येईपर्यंत ताईसमोर 'उजेड' हा विषय काढू नये. मे महिन्यात उन्हात परात धरू नये. पारा पंचेचाळिसाकडे गेला की चुलीवरचा तवा आणि ही परात यांत हाताला फरक कळत नाही.

तसं पाहिलं तर मे महिना मांजरांच्या चित्रांना वाईट नाही. तिघंही कूलरसमोर फरशीवर सांडलेली असतात, चारी पाय चार दिशांना, आणि तासभर हलत नाहीत. लांब रेघेचा सराव तेव्हाच करावा. ज्याला काहीच येत नाही त्याने डिसेंबरात सुरुवात करावी. धान कापून पुंजणे रचले जातात, तणस घरी येते, आणि त्या तणसीत मांजर शेपूट नाकावर घेऊन वेटोळं करतं. वर्तुळ काढता आलं आणि त्याला दोन कान लावता आले, की पास. पावसाळ्यात कागद सादळतो. तेव्हा शाई फुटते, कोळसा चिकटतो आणि ताईचा स्वभाव बिघडतो, म्हणून आम्ही पावसाळा फोटोंना दिला आहे.

फोटोंचे नियम थोडके. फ्लॅश नाही, मांजराच्या डोळ्यामागे उजेड उलटा फेकणारा पडदा असतो, त्यामुळे फोटोत मांजर येत नाही, दोन हिरवे दिवे येतात. काळ्या मांजराला कॅमेऱ्याचा उजेड कमी करायचा आणि पांढऱ्याला वाढवायचा, हे उलटं वाटतं पण खरं आहे. कॅमेरा समोर येईल ते सगळं मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो, म्हणून मंग्याला उजळवून राखाडी करतो आणि चिन्नोरला मळवून टाकतो. मोबाइलवर मांजरावर बोट टेकवून तो छोटा सूर्य खाली किंवा वर सरकवला की काम होतं. आणि फोटो मांजराच्या उंचीवरून घ्यावा. उभ्याने घेतलेल्या फोटोत नुसतं डोकं येतं. ताई त्यासाठी फरशीवर आडवी होते. खाली ती आपली आपण जाते, वर येताना मला हाक मारते. गुडघे दोघींचेही सारखेच आहेत, पण हे ती मानत नाही.

चित्रकर्तीला थोरामोठ्यांचे दाखले द्यायची सवय असते. ते ऐकून घ्यावेत, पण अंमलात आणू देऊ नयेत. ताईचा लाडका म्हणजे जपानचा कुनियोशी. 1842 साली तिथल्या सरकारने नटांची आणि गणिकांची चित्रं छापायला बंदी घातली, तेव्हा या गृहस्थाने नटांचे चेहरे मांजरांना लावून काम भागवलं. चित्र काढताना तो मांजराचं पिलू अंगरख्यात ठेवायचा असं सांगतात. ताईही मांडीवर मांजर घेऊनच काढायला बसते, आणि मांजर उठेल म्हणून स्वतः उठत नाही. पेन्सिल, पाणी, चष्मा, दाराची कडी, सगळं दुसऱ्याने. कुनियोशीकडे शिष्य होते. इथे मी आहे.

दुसरा दाखला पॅरिसच्या मारे यांचा. 1894 मध्ये त्यांनी मांजराला पाय वर करून धरलं, सोडून दिलं आणि पडतानाचे फोटो एकामागून एक काढले. हवेत कशाचाही आधार न घेता ते वळतं कसं, याचा तिथल्या विद्वानांना उलगडा होत नव्हता. फोटोंत दिसलं ते असं, की पुढचं अर्धं अंग आधी वळतं, मागचं नंतर; मधे मांजर स्वतःला पिळून घेतं. ताईला हे पलंगावर गादी टाकून करून बघायचं होतं. सोडायचं काम अर्थातच माझ्याकडे होतं. सहायकाने जिथे ठाम 'नाही' म्हणायचं अशा जागा फार नसतात, त्यांतली ही एक. शेवटी मंग्याने स्वतःच कोठीवरून उडी मारली आणि फोटोत कोठी छान आली.

तिसरा दाखला महाग पडला. कलकत्त्याच्या कालीघाट पटांत तोंडात कोळंबी धरलेलं मांजर असतं, कपाळावर टिळा लावलेलं. वरून साधू आणि आतून चोर, असा ढोंगी बुवांना मारलेला टोमणा. महाबलीपुरमच्या कातळावरही मागच्या पायांवर उभं राहून तप करणारं मांजर आहे आणि त्याच्यासमोर भाबडे उंदीर. ताईने ठरवलं, आपण हे भंडाऱ्याच्या मांजरांवर करायचं. बाजारातून वैनगंगेचे झिंगे आणले, चांगले मोठे बघून. मासोळीवाल्या बाईने विचारलं, "भाजी किती जणांची हाय?" ताई म्हणाली, "चित्र काढायचंय." बाईने भाव वाढवला. घरी कागद लावला, परात घासली, टिळ्यासाठी अष्टगंध भिजवलं. झिंगा तर्रीच्या तोंडात किती वेळ होता हे सांगता येणार नाही. मी डोळे मिटून उघडले तेव्हा तो पोटात होता. टिळा मात्र लागला, माझ्या बाहीला.

त्या दिवसापासून ताईचं मत झालंय, की पूर्वीच्या चित्रकारांनी मांजरांवर अन्याय केला. ढोंग करायला थांबावं लागतं. आपलं मांजर थांबतच नाही. ते सरळ चोर आहे. मला हे पटतं. तिची पटणारी मतं इतकी कमी आहेत, की हे लिहून ठेवते.

किरकोळ नियम. कागदावर मांजर बसू नये म्हणून शेजारी रिकामं खोकं ठेवावं. तिघांसाठी तीन ठेवली तर तिघंही एकाच खोक्यात बसतील. शेजारणीने कुंपणावरून विचारलं, "मांजरीचे फोटू काढून काय भेटते वो मावशी?" तर हसावं. पोस्टाच्या खिडकीवर मी आयुष्यभर उत्तरं दिली, याचं अजून सापडलेलं नाही. नागपूरचा भाचा म्हणाला, "मोठी आत्या, मोबाइलला नुसतं सांगितलं तरी तो मांजर काढून देते." ताईने त्याच्या हातात परात दिली. तो पुढच्या सुट्टीत आला नाही.

मूल्यमापनात ढवळाढवळ करू नये. ताई अजून प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलने श्रेणी लिहिते, आणि ती स्वतःच्या चित्राला नसते, मांजराच्या बसण्याला असते. तर्रीला बहुधा 'ब'. चिन्नोरला थंडीत 'अ'. मंग्याच्या नावापुढे 'गैरहजर' असा शेरा इतक्यांदा आहे, की शाळेत असता तर पालकांना बोलावलं असतं. पंज्यांवर तिचा विशेष कटाक्ष. पुढच्या पायाला पाच बोटं, त्यातलं एक जरा वर. मागच्या पायाला चार. मागचा पाय उलट्या गुडघ्याचा वाटतो, तो गुडघा नसतो, टाच असते. मांजर चवड्यावर चालतं. हे चुकलेलं तिला दुसऱ्यांच्या चित्रातही सहन होत नाही. किराणा दुकानातल्या कॅलेंडरवरच्या मांजराची बोटं मोजून तिने दुकानदाराला चूक सांगितली आहे. मी बाहेर रिक्षात थांबले होते.

शेवटी जतन. कागद पत्र्याच्या पेटीत, प्रत्येक दोहोंमधे पातळ कागद. कसर लागू नये म्हणून कडुलिंबाचा वाळवलेला पाला. डांबरगोळ्या नकोत, त्या मांजरांना विषारी असतात. पाला दरवर्षी बदलावा लागतो, म्हणजे पेटी मीच उपसते. मांजरांची चित्रं आहेत म्हणून उघडली, तर कडेला, कोपऱ्यात, बऱ्याच कागदांवर परात आहे, आणि परातीला धरलेले दोन हात. बांगडी, नखं, मनगटावरचा जुना भाजल्याचा डाग, सगळं. मांजराच्या बोटांवरून दुकानदाराशी वाद घालणाऱ्या या बाईने माझ्या डाव्या हाताला सहा बोटं काढली आहेत. एका ठिकाणी नाही, सगळीकडे.

विचारलं, तर म्हणाली, "तू हलत होतीस."