चढ वाढवलाय कुणीतरी

सायकल कुणी ठरवून सोडत नाही. ती सुटते, आणि तीही सणवार बघून. जूनमध्ये पहिली सर येते तेव्हा चिखलानं साखळी खराब होईल ही काळजी रास्तच असते. श्रावणात उन्हापावसाचा भरवसा नसतो. भाद्रपदात गणपती येतात आणि पुण्यातले रस्ते मांडवांच्या मर्जीनं चालतात. मग नवरात्र, मग फराळ, आणि फराळाचे डबे तळाला जाईपर्यंत पहाटेची थंडी इतकी गोड पडलेली असते की पांघरुणातून बाहेर पडणं निव्वळ कृतघ्नपणाचं वाटावं. यातलं प्रत्येक कारण आपापल्या जागी सभ्य आहे. एवढ्या सुसंस्कृत सबबी दुसऱ्या कुठल्या आळसाच्या वाट्याला येत असतील असं वाटत नाही. तिकडे गॅलरीत उभ्या सायकलच्या हँडलला आधी ओली छत्री लटकते, मग भाजीची पिशवी. पुढे एके दिवशी तिच्यावर टॉवेल वाळत पडतो आणि घरातलं एक वाहन कमी होऊन एक फर्निचर वाढतं.

आपण असे विसावलेले असताना शरीर मात्र कामाला लागलेलं असतं. ते फार काटकसरी आहे. पाहुण्यांची पाठ वळली की मोठी पातेली घासून माळ्यावर चढवणाऱ्या काकूंसारखं. घाटाच्या चढासाठी म्हणून त्यानं रक्तातलं पाणी वाढवून ठेवलेलं असतं, ते पहिल्या पंधरवड्यातच उतरू लागतं. मग हृदयाच्या एका ठोक्यात पूर्वीइतकं रक्त पुढे जात नाही आणि तेवढ्याच कामाला ठोके जास्त लागतात. १९८४ साली एडवर्ड कॉइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कसलेल्या खेळाडूंचा सराव बंद करवून याची मोजदादच केली. प्राणवायू वापरण्याची त्यांची कमाल क्षमता तीन आठवड्यांत ७ टक्क्यांनी उतरली, आठ आठवड्यांत १६ टक्क्यांनी. स्नायूंमधलं केशवाहिन्यांचं जाळं मात्र होतं तसंच राहिलं. म्हणजे काकूंनी पातेली वर टाकली, पण भिंतीतल्या खुंट्या उपटल्या नाहीत. या खुंट्यांवर माझा फार जीव आहे.

गंमत अशी की या आवराआवरीची खबर मनाला कुणी देत नाही. मन आपलं मे महिन्यातच मुक्काम ठोकून असतं. त्याच्या भरवशावर माणूस डिसेंबरातल्या एका पहाटे सिंहगडाकडे निघतो. जर्सी कपाटात राहून आखडली असावी, असं तो मानून चालतो. खडकवासल्यापर्यंत सगळं सुरळीत. धरणावरून वारा येतो, चाकं गुणगुणतात, आणि मन म्हणतं, बघ, कुठे काय बिघडलंय? मग डोणजे मागे पडतं, गोळेवाडीचा नाका येतो, आणि तिथून गडाच्या वाहनतळापर्यंतचे आठ-नऊ किलोमीटर मनाला एकट्याला चढता येत नाहीत. पहिल्याच मोठ्या वळणावर सगळ्यात हलका गिअर पडलेला असतो, तरी अंगठा आणखी एक गिअर शोधत खटका दाबत राहतो. अंगठ्याचा हा आशावाद मला आवडतो. बाकीचं अंग केव्हाच हिशेबाला बसलेलं असतं.

या वेगानं घाट चढताना बऱ्याच गोष्टी पहिल्यांदा दिसतात. डांबरातली खडी दिसते, कठड्यावरच्या माकडाच्या चेहऱ्यावरची सहानुभूती दिसते. गडावर दही-ताक विकणाऱ्या बायकांची आठवण येते. मडकी डोक्यावर घेऊन त्या पायवाटेनं वर जात आल्या. त्यांचा दम टिकलाय की उतरलाय, हे कुणी विचारलं नाही. खंडच पडत नसेल तर मोजायचं तरी कुठून?

अशा वेळी धीर द्यायला मित्र सायकलपटू ग्रेग लेमाँडचं नाव काढतात. १९८७ च्या एप्रिलमध्ये शिकारीला गेला असताना छर्रे लागून तो मरता मरता वाचला, आणि १९८९ ची टूर द फ्रान्स त्यानं ८ सेकंदांनी जिंकली. गोष्ट खरी आहे. फक्त मधल्या काळात लेमाँड चकल्या खात बसला नव्हता, एवढा तपशील मित्र मायेनं गाळतात.

मला त्यापेक्षा वडील आठवतात. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात ते शहरातून सायकलनं जात. उंच, काळी, जड सायकल, कॅरिअरला डबा, पँटच्या पायाला क्लिप. व्यायाम करावा असं ते आम्हाला सांगत; आपण तो करतोय हे त्यांच्या कधी लक्षात आलं नाही. निवृत्त झाल्यावर सायकल वाड्याच्या बोळात भिंतीला टेकली. काही महिन्यांनी जुन्या सोबत्यांना भेटायला म्हणून ते तीच घेऊन निघाले आणि दुपारी परतले ते सायकल हातात धरून, चालत. "पंक्चर झाली का हो?" आईनं विचारलं. त्यांनी पाय धुतले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "नाही. पुलाचा चढ वाढवलाय कुणीतरी."

आम्ही पोरं पोट धरून हसलो. थोड्या वेळानं तेही हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी आई दूध तापवत असताना बोळातून पंपाचा आवाज आला. त्या दिवशी ते नुसते पुलापर्यंत जाऊन आले म्हणे. मग रोज जाऊ लागले. पूल ओलांडला का, असं आईनं कधी विचारलं नाही; चहा मात्र ते दिसले की टाकायची, त्याआधी नाही.

परवाच्या रविवारी घाटात माझ्या शेजारी एक कॉलेजातला मुलगा येऊन लागला. नवी सायकल, पहिलाच घाट, चेहरा लालबुंद. मी दात-ओठ खाऊन पायडल मारत होतो आणि तोही. दोघांचा वेग इतका जुळला होता की कुणाला पुढे जाता येईना. एका झाडाच्या सावलीत त्यानं मोठ्या कष्टानं श्वास गोळा केला आणि म्हणाला, "काका, तुम्ही माझ्यासाठी हळू नका चालवू. व्हा पुढे."

मी घामाआडून शक्य तितकं प्रेमळ हसलो. म्हटलं, "असू दे रे, मला घाई नाही."