गिऱ्हाईक दाराबाहेर बरं!

परदेशात दुकान कसं थाटावं, याचं एक शास्त्र आहे. ते साध्या व्यापाऱ्याला कळत नाही, कारण त्याला माल खपवायची घाई असते. कोल्हापूरच्या चप्पल लाईनीत ज्यांचं तीन पिढ्यांचं दुकान आहे, अशा आमच्या एका स्नेह्यांना युरोपात शाखा काढायची आहे. तेव्हा बड्या मंडळींची रीत त्यांना समजावून सांगणं आम्ही कर्तव्य मानलं.

पहिला नियम, बाजारपेठेत उतरायचं नाही, हॉटेलात उतरायचं. लुई व्हितॉन १९९२मध्ये चीनमध्ये गेली ती बीजिंगच्या पॅलेस हॉटेलात. २००३मध्ये दिल्लीत आली ती ओबेरॉयमध्ये, आणि मग मुंबईत ताजमध्ये. पगडीवाला दरवान बघूनच निम्मी माणसं परत फिरतात.

"मग गिऱ्हाईक यायचं कसं?" स्नेही म्हणाले.

"येऊ नये म्हणूनच तर एवढा खटाटोप!"

हॉटेलात पाय रुजले की मॉल. तिथे अशा मोठ्या नावाची धोंड्याच्या महिन्यातल्या जावयासारखी बडदास्त असते. भाड्यात सवलत, सजावटीचा खर्च, शेजारी कोणाचं दुकान चालेल याची अदबीने विचारपूस. भाडं पूर्ण भरायचं ते शेजारच्यांनी.

दुसरा नियम कायद्याचा. आपल्या सरकारने २००६मध्ये एकाच ब्रँडच्या दुकानात ५१ टक्के परकी भांडवलाला परवानगी दिली, २०१२मध्ये १०० टक्के. पण ५१च्या वर जायचं तर ३० टक्के खरेदी भारतातून करा, अशी अट घातली. 'मेड इन इटली' एवढ्या तीन शब्दांवर ज्यांचं घर चालतं, त्यांना घाम फुटला. गंमत अशी, की पॅरिसच्या नामांकित पोशाखांवरचं बरंचसं भरतकाम मुंबईतले कारागीर कित्येक वर्षं मान मोडून करत आलेत. खरेदी होतीच, फक्त ती लेबलावर लिहायची पद्धत नव्हती. आता पद्धत बदलते आहे. डिओरने मार्च २०२३मध्ये थेट गेटवे ऑफ इंडियासमोर फॅशन शो केला आणि मुंबईच्या कारागिरीला उजळ माथ्याने मान दिला. सुई-दोरा जुनाच, उजेड नवा.

तिसरा नियम, माल उरला तर सेल लावायचा नाही. बर्बेरीने एका वर्षात २ कोटी ८६ लाख पौंडांचा माल नष्ट केला. २०१८मध्ये ते उघड झालं, ओरड झाली, तेव्हा कंपनीने ही प्रथा बंद केली.

स्नेह्यांनी कपाळावर हात मारला. "अहो, गणपतीत जोडामागं शंभर कमी केले असते तर चार दिवसांत संपला असता की!"

"म्हणून तर तुम्ही अजून चप्पल लाईनीत आहात."

चौथा नियम किमतीचा, आणि तो शिकवायला आम्हाला लांब जावं लागलं नाही. जून २०२५मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाची पोरं चपला घालून चालली. तोच अंगठा, तीच वेणी, तेच कान. फक्त कोल्हापूरचं नाव नव्हतं. वास्तविक कोल्हापुरीला २०१९मध्येच जीआय मानांकन मिळालेलं. इकडे बोंब झाली, महाराष्ट्र चेंबरने पत्र धाडलं आणि कंपनीने प्रेरणा भारतीय असल्याचं मान्य केलं. डिसेंबरात महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या सरकारी चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला: इथल्या कारागिरांकडून २,००० जोड, किंमत सुमारे ८०० युरो.

स्नेह्यांनी मनातल्या मनात हिशेब केला. "म्हणजे ऐंशी हजारांच्या वरच गेलं. करकर वाजती का?"

ते कराराच्या बातमीत नव्हतं. आम्ही विषय बदलून त्यांना शाखा कोणत्या शहरात काढायची ते विचारलं.

"कशाला काढायची?" ते म्हणाले. "माल तिकडं पोचला, किंमत तर आमच्याही फुडं गेली. आता एक आम्हीच पोचायचं राहिलोय, आणि तुमच्या त्या पगडीवाल्या दरवानानं आम्हाला आत घ्यायला नको का?"