आप्पांचा बोका, बोक्याचा शेवगा

"ता मांजर आमचा न्हय हां, शेजाऱ्यांचा," असं ज्या घरात आल्यागेल्याला आवर्जून सांगितलं जातं, त्या घरात मांजराची थाळी वेगळी असते हे धरून चालावं. कुडाळ-सावंतवाडीच्या टापूत दर वाडीला असे एक आप्पा सापडतात. बहुधा निवृत्त, मुलं मुंबईला, आणि "माका मांजराचा कवतिक नाय" हे वाक्य तोंडात कायमचं. शेजारी म्हणजे नेमके कोण, असं विचारलं तर आप्पा पूर्वेकडे मोघम हात करतात. पूर्वेला काजूची बाग आहे.

आमच्या माहितीतले आप्पा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. हयात गाड्या पुकारण्यात गेली, त्यामुळे घरातही ते बोलत नाहीत, पुकारतात. कौलारू घर, पुढे पडवी, मागीलदारी विहीर आणि विहिरीपलीकडे शेवगा. हा शेवगा दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या 'कोकण रुचिरा' जातीचा, हे ते पाहुण्याला पाण्याचा तांब्या देण्याआधी सांगतात. शेवगा आप्पांनी लावला, वाढवला, त्याला शेण घातलं. मग एका पावसाळ्यात एक तांबडा बोका भिजत आला आणि झाडाचा कब्जा घेऊन बसला. सातबाऱ्यावर नाव आप्पांचं, सालीवर बोक्याचं. हे शब्दशः खरं आहे. मांजराच्या पंजाच्या गाद्यांमध्ये गंधाच्या ग्रंथी असतात, खोडावर नखं ओढली की त्यांचा वास सालीला लागतो. आपल्याला ओरखडे दिसतात, वाडीतल्या बाकीच्या बोक्यांना पाटी वाचता येते.

मागीलदारी चांगला दणकट फणस आहे, रायवळ आंबा आहे. तरी त्याला शेवगाच लागतो. शेवग्याची साल मऊ, बुचासारखी. नख घातलं की आत जातं. लाकूड मात्र अगदी ठिसूळ, म्हणून तर शेवगा घराला खेटून लावू नये असं जुनी माणसं सांगत आली. बोक्याला जुन्या माणसांचं काही पडलेलं नाही. पहिल्या दुबेळक्यात, माणसाच्या डोक्याच्या थोडं वर, तो पोट टेकून बसतो आणि चारही पाय खाली सोडतो. तिथून त्याला विहीर, गोठा, न्हाणी आणि काकींचा मासे साफ करायचा दगड, असा सगळा मुलूख दिसतो.

मांजरं पहाटे आणि तिन्हीसांजेला जास्त हिंडतात, बाकी दिवस झोपेत घालवतात. आप्पांच्या लेखी हे वेळापत्रक आहे. सकाळी चहा घेताना ते आतल्या माणसांना पुकारतात, "सात-दहा गेला." एखाद्या दिवशी बोका उशिरा वर चढला तर, "आज पंधरा मिनिटं लेट." काकी चुलीपुढून विचारतात, "कोण?" आप्पा म्हणतात, "कोण नाय."

खरी गंमत उतरताना. मांजराची नखं आतल्या बाजूला वळलेली, त्यामुळे चढताना ती आकड्यासारखी रुततात, पण डोकं खाली करून उतरायचं म्हटलं की धरच राहत नाही. मग महाराज शेपटी खाली, तोंड वर असे उलट्या पावली सरकू लागतात. दोन वीत सरकायचं, थांबायचं, खांद्यावरून मागे बघायचं, आपल्याला कोणी बघत तर नाही ना याची खात्री करायची. शेवटचे चारेक फूट उरले की एकदम वळून उडी. या सबंध वेळात आप्पा झाडाखाली दोन्ही हात अर्धवट पुढे करून उभे असतात. "सावकाश, मेल्या, सावकाश." आपण त्यांना पाहिलं हे लक्षात आलं की हात तसेच डोक्यावर नेऊन आळस देतात आणि म्हणतात, "शेंगा बघूक इल्लंय." जून महिन्यात.

'मेल्या' हे त्याचं अधिकृत नाव. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात केसपेपर करताना नाव विचारलं, तेव्हा शेजाऱ्यांच्या मांजराला नाव असण्याचं कारण नव्हतं. आप्पा बराच वेळ घुटमळले आणि म्हणाले, "लिवा, मेल्या." डॉक्टरांनी पिशवीत बघून खात्री केली, बोका जिवंत होता.

शेंगा निघाल्या की शेवगा छाटावा लागतो, नाहीतर तो नुसता उंच जातो आणि शेंगा आभाळाला लागतात. हे आप्पांना चांगलं ठाऊक आहे, दुसऱ्यांना ते तासभर समजावतात. पण आपल्या दारी कोयतेवाला आला की त्यांच्यात एकदम बदल होतो. ही फांदी नको, तिची सावली पडते. ती नको, तिथे पाय ठेवून वर जाता येतं. कोणाला, ते सांगत नाहीत. एकदा कोयतेवाल्याने वैतागून दुबेळक्यालाच हात घातला, तर आप्पांनी पडवीतूनच पुकारलं, "1975 चो कायदो आसा! झाडाक हात लावशीत तर बघ!" कायदा आहे हे खरंच. पण त्याच्या नावातच 'नागरी क्षेत्र' असं लिहिलेलं आहे आणि आप्पांची वाडी ग्रामपंचायतीत येते. कोयतेवाल्याला ते माहीत नव्हतं. आप्पांना होतं.

अशा छाटणीने झाडाचा जो आकार झालाय त्याविषयी न बोललेलं बरं. गोकुळाष्टमीला आमच्याकडे शेवग्याच्या पाल्याची भाजी लागतेच, आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याबरोबर. त्या सकाळी अख्खी वाडी टोपल्या घेऊन आप्पांच्या मागीलदारी हजर. आप्पा प्रत्येकीला फांदी दाखवून देतात. पाला पुष्कळ आहे, पण विहिरीकडचा तोडायचा नाही, तिकडून दुपारचं ऊन येतं. काकींच्या माहेरची माणसंसुद्धा या नियमातून सुटत नाहीत.

पावसाळ्यात शेवग्यावर केसाळ सुरवंट येतात. दिवसा ते खोडाला असे चिकटून बसतात की साल दिसत नाही. त्या दिवसांत बोका वर जात नाही. विहिरीच्या कठड्यावर बसून खोडाकडे बघत राहतो, दूध पुढ्यात ठेवलं तरी तोंड फिरवतो. आप्पांचंही मग जेवणात लक्ष नसतं. रात्री जरा उघडीप मिळाली की चुडत पेटवून खोड भाजायला निघतात, अंगावर इरलं, पायात गमबूट. दुसऱ्या दिवशी हातांना गांधी उठलेल्या. काकी खोबरेल चोळताना काय बोलतात ते इथे लिहिण्यासारखं नाही. आप्पांचं उत्तर ठरलेलं: "झाड जपूक होया."

त्यात जून-जुलै म्हणजे यांत्रिक होड्या बंद. 1 जून ते 31 जुलै बंदी असते, बाजारात ताजा बांगडा मिळेना आणि मिळाला तर भाव ऐकून माणूस परत फिरतो. बंदी उठता उठता श्रावण येतो, आणि श्रावणात काकींच्या घरात माशाचा वासही चालत नाही. या काळात आप्पांची छत्री फार वेळा मोडते. दुरुस्तीला म्हणून बाजारात जातात आणि सुक्या जवळ्याची पुडी घेऊन येतात, ती गोठ्याच्या वळचणीला ठेवतात. पकडले गेले तेव्हा त्यांनी काकींना टॉरिनवर व्याख्यान दिलं. मांजराला ते मास-मच्छीतूनच मिळावं लागतं, नाहीतर डोळे आणि काळीज बिघडतं. माहिती बिनचूक होती. काकींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "शेजाऱ्यांच्या मांजराची तुमका इतकी कशी माहिती?"

गेल्या वर्षी वादळी वाऱ्यात एक फांदी कडाडून मोडली. बोका तिच्यावरच होता. पडता पडता हवेतच वळला, चार पायांवर उतरला, अंग झाडलं आणि गोठ्याकडे चालता झाला. आप्पा मात्र पायरीवर मटकन बसले, त्यांना कोकमाचं सरबत द्यावं लागलं. "प्रेशर," ते म्हणाले. "वाऱ्यान होता."

थोरला मुलगा दर महिन्याला फोन करतो, बाबा इकडे या, डोंबिवलीला दोन खोल्या जास्तीच्या आहेत, लिफ्ट आहे. आप्पा विचारतात, झाडं आहेत का? गुलमोहर आहे, रस्त्यावर. गुलमोहराची साल कशी असते, असा पुढचा प्रश्न आल्यावर मुलगा फोन आईकडे द्यायला सांगतो. खरं म्हणजे आप्पांना मांजराची आवड नाही हे आपण मान्य करून टाकावं. आवड असती तर त्यांनी एवढा त्रास घेतला नसता. त्यांच्यावर जबाबदारी येऊन पडली आहे आणि एसटीतल्या माणसाला जबाबदारी टाकून जाता येत नाही.

तुम्ही त्या बाजूला गेलात तर फेब्रुवारी-मार्चमध्ये शेंगा मागायला जरूर थांबा. आप्पा सढळ हाताने देतात, पैशांचं नाव काढलेलं त्यांना खपत नाही. पिशवी स्वतःची न्या, सकाळी सात-दहाची निघून गेल्यावर जा, आणि काठी विहिरीकडच्या फांदीला लावू नका. बोक्याचं कौतुक केलंत तर चालेल, पण ते शेजाऱ्यांचं म्हणून करा.