डोळे बसवणाऱ्या बाई

बाईंच्या घरात पाऊल टाकलं की बाईंच्या आधी दुसरंच कोणीतरी आपल्याला बघतं. दाराशी छत्र्या ठेवायचा पत्र्याचा डबा बघतो. खिडकीतली शिकेकाईची रिकामी बाटली बघते. बंद पडलेल्या रेडिओला दोन डोळे आहेत, सरांच्या जुन्या हेल्मेटला कपाळावर एकच आहे, तिसरा. मध्यंतरी गॅसच्या सिलिंडरलाही बसवले होते. ते पुढच्या महिन्यात रिकाम्या सिलिंडरबरोबर गेले आणि आता जिल्ह्यात कुणाच्या स्वयंपाकघरात बसून कुणाचं पिठलं बघत असतील, देव जाणे.

बाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. शिकवायच्या सगळंच, पण मनापासून शिकवला तो कार्यानुभव. धाराशिवात आमच्या गल्लीत त्यांना नावानं हाक मारणारं कोणी उरलेलं नाही. नवराही 'बाई'च म्हणतात. ते गणिताचे, त्यांना बाई 'सर' म्हणतात. दोघांचं भांडण लागलं की शिक्षकांच्या खोलीबाहेर उभं असल्यासारखं वाटतं.

"बाई, तो खोका टाकून देतोय."

"टाकू नका सर, लागतंय."

'लागतंय' हे बाईंचं एका शब्दाचं तत्त्वज्ञान. आइस्क्रीमच्या काड्या लागतात, लग्नपत्रिका लागतात (जाड असतील तर फारच), नारळाच्या करवंट्या लागतात, औषधाच्या गोळ्यांची चांदीची पाकिटं तर लागतातच. कशाला लागतात हे विचारायचं नसतं. विचारलंत तर बाई तुम्हाला ते करूनच दाखवतात आणि निघताना हातात देतात. आमच्या टीव्हीवर करवंटीचं घुबड आहे ते याच चौकशीमुळे.

पण या घरात नियम एक आहे, आणि तो सरांना फार उशिरा कळला. वस्तूला डोळे बसेपर्यंत ती भंगार असते. बसले की ती घरची होते. सरांनी एकदा बाई तुळजापूरला गेल्याचं बघून चपलांचा एक जुना खोका कचऱ्याच्या गाडीत टाकला. गाडी वळणावर गेली तोवर खोका त्यांच्याकडेच बघत होता. सर चप्पल न घालता मागं धावले. आता खोका कपाटावर आहे. त्याचं काय करायचं हे बाईंनाही माहीत नाही.

ही डोळ्यांची गोष्ट पोरवयापासूनची. पोळ्याला मातीचे बैल करायचे तेव्हा डोळ्यांना ज्वारीचे दाणे लावायचे. कुणी हौशी असलं तर गुंजा. गुंजेचं लालभडक अंग आणि टोकाचा काळा ठिपका म्हणजे तयार डोळाच. सोनाराच्या तराजूत शहाण्णव गुंजांचा तोळा व्हायचा आणि बी फुटून पोटात गेलं तर जिवावर बेतायचं, एवढं सगळं बाई सांगतात आणि शेवटी म्हणतात, "पण नजर काय होती तिला!" नवसाला देवीला चांदीचे डोळे वाहतात, शेंदराच्या तांदळ्यालाही डोळे चिकटवले की दगडाचा देव होतो, हे त्यांनी आयुष्यभर बघितलेलं. मग डब्यानं काय पाप केलंय?

ड्रॅगन मात्र नातवानं आणला. तो पुण्याला असतो; सुट्टीत आला तेव्हा "आजी, मला ड्रॅगन करून दे" म्हणाला. सरांनी ताबडतोब हरकत घेतली, की आपल्याकडं हा प्राणी नसतो. बाई म्हणाल्या, "नसतो कसा? परंड्याला होता की." आणि सरांना इतिहासाचा तास मिळाला. मुलूखमैदान तोफ 1549 साली अहमदनगरला ओतली. पुढं ती परंड्याच्या किल्ल्यावर होती आणि 1632 मध्ये विजापूरला नेली. तिचं तोंड म्हणजे जबडा पसरलेलं श्वापद, आणि त्याच्या दाढांमध्ये सापडलेला हत्ती. "ते सिंहाचं तोंड आहे," सर म्हणाले. "हत्ती खाणाऱ्याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा," बाई म्हणाल्या, "मी डोळे करायलेय." सर पुटपुटले की तोफ विजापूरला नेली म्हणतात, पण ती तर इथंच आहे. बाईंनी ऐकलं नाही. किंवा ऐकलं आणि ठेवून दिलं, लागतंय.

धड वर्तमानपत्राच्या लगद्याचं झालं, खवले लग्नपत्रिकांचे. दातांसाठी घरातल्या कवड्या हातात घेतल्या, त्यांची ती कातरलेली चीर बघितली, आणि परत परडीत ठेवल्या. "देवीआईच्या माळेतल्या आहेत. त्यांचे दात नाही करायचे." दात भोपळ्याच्या बियांचे झाले.

डोळ्यांसाठी मोबाईलवर बघून बाईंनी भाचीकडून काचेच्या टिकल्या मागवल्या: वरून फुगीर, खालून सपाट, तळाला रंग दिला की वरून मोठा दिसतो. रंग म्हणजे नखांना लावायचं जेल. ते शेजारच्या पार्लरवालीकडून, तळाशी थेंबभर उरलेल्या बाटल्यांमधून. ती पोरगी बाईंचीच विद्यार्थिनी. तिनं बाटल्या दिल्या आणि सुनावलंही, "बाई, कच्चं जेल बोटाला लागू द्यायचं नाही. अंगावर उठतंय." चाळीस वर्षं पोरांना शिस्त लावलेल्या बाईंनी निमूटपणे रव्याची पिशवी हाताला बांधली.

साधं नेलपेंट हवेवर वाळतं, जेल वाळत नाही. ते अतिनील किरणांनी घट्ट होतं; त्याला दिवा लागतो. दिवा पार्लरचा. पण दुपारी लाइट गेली. बाई तिरीमिरीत टिकल्या आणि बाटल्या घेऊन गच्चीत गेल्या, कारण उन्हातही तेच किरण असतात आणि धाराशिवच्या उन्हाला कुणी कमी म्हणणार नाही. ऊन इतकं लागू पडलं की रंग काचेवर जायच्या आत ब्रशवरच दगड झाला, आणि टोपण उघडं राहिलेली हिरवी बाटली कायमची हिरवी राहिली. तेव्हापासून शिस्त अशी: रंगवायचं देवघरात, पडदा ओढून, मग ताटलीवर ताटली पालथी घालून जिना चढायचा आणि गच्चीत ताटली उघडायची. सर जिन्यात आडवे आले तर त्यांनी भिंतीला चिकटून उभं राहायचं.

खरी पंचाईत निराळीच होती. गणपती असो, महालक्ष्म्यांचे मुखवटे असोत, सगळं अंग रंगवून झाल्यावर डोळे, आणि डोळ्यांत सगळ्यांत शेवटी बाहुली, हे बाईंच्या हातात मुरलेलं. इथं काचेच्या मागून रंगवायचं म्हणजे उलटा कारभार. आधी बाहुलीची काळी चीर. ती घट्ट झाली की सोनेरी. मग त्याच्यावर नारिंगी. मग सगळ्याच्या पाठीला काळा. एकेक थर पातळ, कारण जाड दिला तर वरून पक्का दिसतो आणि आत कच्चा राहून सुरकुततो. "आधी नजर द्यायची आणि मग डोळा," बाई म्हणाल्या, आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघत राहिल्या. मी काही बोलावं अशी अपेक्षा असावी.

एक रंग लोखंडाच्या बारीक कणांचा मिळतो. ओला असताना जवळ लोहचुंबक धरलं की कण सरकून रांगेत येतात आणि मधोमध उजेडाची एक पट्टी उभी राहते. बाईंनी त्या बंद पडलेल्या रेडिओच्या स्पीकरचं चुंबक काढलं. ते काचेवर धरलं, श्वास रोखला, मनगट जरासं फिरवलं. पट्टी वळली. "बघायलंय की रे!" उन्हात घट्ट झाल्यावर वरचा चिकट थर स्पिरिटच्या कापसानं पुसला, तेव्हा टिकली खरंच इकडून तिकडं माझ्यामागं फिरत होती.

चीर उभी की आडवी, यावर मात्र दोन दिवस गेले. बाईंनी मांजर बघितलं: उभी. मग गल्लीतल्या शेळीसमोर जाऊन बसल्या, इतका वेळ की शेळीनंच मान फिरवली. शेळीची आडवी असते. ही काळीभोर जात उस्मानाबादी म्हणून देशभर प्रसिद्ध; जिल्ह्याचं नाव 2023 मध्ये धाराशिव झालं, शेळीचं अजून तेच चालू आहे. शेवटी ड्रॅगनला उभी मिळाली. आडवीचा एक जोड 'लागतंय' म्हणून राहिला.

याच हातांनी त्याच वर्षी भाद्रपदात जावेच्या घरच्या महालक्ष्मीचे डोळे आखले. जुन्या मुखवट्याचा रंग उडाला होता. घरात कुजबुज होती, की बाई आता उभी चीर तर देणार नाहीत ना? बाईंनी हातपाय धुतले, पाटावर बसल्या, जेल नाही, चुंबक नाही, साधा काळा रंग आणि बारीक ब्रश. तासभर एक शब्द नाही. झाल्यावर मुखवटा उभा केला आणि स्वतः पोरांच्या पंगतीत जाऊन बसून बघितलं. "पानाकडं बघायलीय. बसू द्या आता." मी त्यांना एवढा वेळ गप्प बसलेलं त्याआधी बघितलेलं नाही.

बाईंना विचारा, एवढं कशाला? तर तेरचं नाव घेतात. शाळेची सहल तेरला, गोरोबाकाकांच्या गावी, न्यायच्या, तेव्हा तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात पोरांना मातीच्या बाहुल्यांसमोर उभं करायच्या. तेर म्हणजे जुनं तगर, ग्रीक खलाशाच्या पुस्तकात नाव असलेली बाजारपेठ. तिथं दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी मातीला डोळे केले आणि ते लामतुऱ्यांनी गोळा करून ठेवले. "त्यांच्याही घरात कुणी म्हणालंच असेल ना, टाकून दे म्हणून?" बाई म्हणतात आणि सरांकडं बघतात. सर पेपर वर धरतात. पेपरला अजून डोळे नाहीत.

शिल्लक राहिलेले आडवे डोळे गेले रानात. सरांच्या पुतण्यानं ज्वारीतल्या बुजगावण्यासाठी मागून नेले. बाईंनी भोवतीनं गोळ्यांच्या पाकिटाची चांदी लावून दिली, उजेड परत फिरावा म्हणून. तेव्हा शेताला लाइट रात्रीची होती. मध्यरात्री गडी मोटर चालू करायला निघाला, बॅटरीचा झोत ज्वारीवरून फिरवला, आणि ज्वारीनं त्याच्याकडं बघितलं. गडी बॅटरी टाकून वस्तीवर आला. सकाळपर्यंत गावात निरनिराळ्या आकाराचं जनावर दिसून गेलं होतं. सरांना वाटलं, आता तरी बाई थांबतील. दुसऱ्या आठवड्यात त्याच गावचा एक माणूस टोपी हातात घेऊन दारात उभा.

"बाई, चार जोड द्या. रानडुकरं लई झाल्यात."

"उभी चीर का आडवी?"

"डुकराला काय कळतंय त्यातलं?"

"डुकराला नसंल. मला कळतंय. बसा, चहा टाकते."

तो बसला आणि छत्र्यांच्या डब्याकडं बघून जरा सरकून बसला. आतून सरांचा आवाज आला, "बाई, चार जोड म्हणजे आठ नग. पैसे घ्या या वेळी."